चंदेरी पापुद्र्यातून धावलेली वीज

हेन्री लेथबी लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत आणि विषबाधेच्या प्रकरणांचा तपासही करत. नायट्रोबेंझीन पोटात जाऊन माणसे दगावल्याची प्रकरणे त्यांच्यापुढे आली होती. या विषाचे शरीरात ॲनिलिन होते, असे त्यांचे मत होते. त्यामुळे ॲनिलिनचा थोडासा अंशही पकडता येईल अशी खात्रीची खूण त्यांना हवी होती. १८६२ साली त्यांनी सौम्य गंधकाम्लात ॲनिलिन मिसळले, त्यात प्लॅटिनमच्या पट्ट्या सोडल्या आणि बॅटरी जोडली. धन बाजूच्या पट्टीवर गडद निळा थर चढला. रासायनिक प्रक्रियेने त्याचा रंग घालवता येई आणि परत आणताही येई. लेथबींना हवी ती खूण मिळाली. या थरातून वीज वाहते का, हे तपासण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते.

तो थर ज्या पदार्थाचा होता त्याला आज पॉलिॲनिलिन म्हणतात. वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकांच्या यादीत त्याचे नाव फार वरचे आहे. म्हणजे विसाव्या शतकाचे म्हणून ओळखले जाणारे हे आश्चर्य एकोणिसाव्या शतकातच काचेच्या भांड्यात तयार झाले होते. कार्बनी पदार्थांतून वाहणाऱ्या विजेचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास बराचसा असाच आहे. पदार्थ समोर होता, कधी कधी त्याची वाहकता मोजलीही गेली, पण एकाला दिसलेले दुसऱ्यापर्यंत पोचत नव्हते.

त्या काळातली समजूतही आड येत होती. वीज वाहून नेण्याचे काम धातूंचे. कार्बनी पदार्थांनी ती अडवायची, अशी ही समजूत. तिला व्यवहाराचा भक्कम आधार होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेले बेकेलाइट स्विच आणि प्लगांसाठी नावाजले ते विजेला दाद देत नाही म्हणूनच. इंग्लंडमध्ये १९३३ साली सापडलेले पॉलिथिन दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलींवर चढले, तेही याच गुणासाठी. ज्याचा धंदा वीज अडवण्यावर चालतो, त्यातून वीज नेऊन पाहावी असे फार थोड्यांना वाटणार.

तरी ते थोडे होते. इटलीत पोकेत्तिनो यांनी १९०६ साली अँथ्रासिन या कार्बनी स्फटिकावर प्रकाश पडला की त्याची वाहकता वाढते, हे नोंदवले. युद्धात होरपळलेल्या जपानमध्ये टोकियो विद्यापीठात हिदेओ अकामातु आणि हिरोओ इनोकुची यांनी कापड रंगवायला वापरल्या जाणाऱ्या व्हायोलँथ्रोनसारख्या रंगद्रव्यांची वाहकता मोजली आणि १९५० साली निष्कर्ष छापले. १९५४ साली त्यांनी मात्सुनागा यांच्यासह पेरिलिन नावाच्या पदार्थात ब्रोमिन मिसळून पाहिले. चांगली वीज वाहू लागली. एरवी रोधक असलेल्या कार्बनी रेणूला ब्रोमिनने वाट करून दिली होती. पण हे संयुग टिकाऊ नव्हते. ब्रोमिन हळूहळू पेरिलिनशीच अभिक्रिया करी आणि वाहकता उतरत जाई. ‘कार्बनी अर्धवाहक’ ही संज्ञा रूढ झाली ती इनोकुचींच्या या कामामुळे.

ऑस्ट्रेलियात १९६३ साली डोनाल्ड वाइस, ब्रायन बोल्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिपिरोल या पॉलिमरवर तीन शोधनिबंध छापले. त्यांच्या नमुन्यांत आयोडिन होते आणि वाहकता त्याच्यामुळे वाढते, हे त्यांनी ओळखले होते. विद्युतरोध त्यांनी एक ओहम-सेंटिमीटरपर्यंत खाली आणला. पॉलिमरच्या दृष्टीने हा आकडा थक्क करणारा होता. पण निबंध ऑस्ट्रेलियातल्या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात आले आणि ज्या भौतिकशास्त्रज्ञांनी ते वाचायला हवे होते त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत. १९७४ साली अमेरिकेत ह्यूस्टनला जॉन मॅकगिनेस, पीटर कॉरी आणि पीटर प्रॉक्टर यांनी आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिनपासून विजेचा स्विच बनवला. ठरावीक व्होल्टेजला तो बंद स्थितीतून चालू स्थितीत जाई. ‘सायन्स’ या नामांकित साप्ताहिकात त्याचा वृत्तांत आला. हे संशोधक कर्करोगाच्या संस्थेत काम करणारे होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या जगात त्यांचा निबंध फारसा कोणी उचलला नाही. तो स्विच आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे.

या सगळ्या धाग्यांना शेवटी जिथे गाठ बसली, ती गोष्ट एका काळ्या भुकटीपासून सुरू होते.

गॅस वेल्डिंगला जो ॲसिटिलीन वायू वापरतात, त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी करता येते. मिलानमधले जुलिओ नाट्टा यांनी १९५८ साली ती केली. त्यांना पुढे १९६३ मध्ये कार्ल झीग्लर यांच्याबरोबर पॉलिमर-रसायनासाठी नोबेल मिळाले. पण त्यांनी केलेल्या या पॉलिॲसिटिलीनचे कोणाला कौतुक वाटले नाही. ते कशात विरघळत नव्हते, तापवून वितळत नव्हते, त्याला आकार देता येत नव्हता. काळपट भुकटी घेऊन करायचे काय? सिद्धांतवाद्यांना मात्र हा रेणू हवाहवासा होता, कारण त्याच्या कार्बनच्या कण्यात एक साधा बंध, एक दुहेरी बंध अशी मांडणी टोकापासून टोकापर्यंत होती. दुहेरी बंधातले सैल इलेक्ट्रॉन अशा साखळीत कसे वागतील, यावर कागदावर बरीच चर्चा झाली होती.

टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हिदेकी शिराकावा या भुकटीवर काम करत होते. १९३६ साली टोकियोत जन्मलेल्या शिराकावांचे बालपण गिफू प्रांतातल्या ताकायामा या डोंगरातल्या गावी गेले. शाळेत असताना लिहिलेल्या एका निबंधातच त्यांनी सामान्य माणसाच्या उपयोगी पडेल असे प्लॅस्टिकवरचे संशोधन करायची इच्छा लिहून ठेवली होती. १९६७ साली त्यांच्या डोक्यात वीज नव्हती. ॲसिटिलीनचे रेणू एकमेकांना जोडले जातात ते नेमके कसे, हा त्यांचा प्रश्न होता.

त्या वर्षी दक्षिण कोरियाहून आलेले पाहुणे संशोधक प्युन ह्युंग-चिक त्यांच्याबरोबर काम करू लागले. पॉलिॲसिटिलीन कसे करायचे याची कृती शिराकावांनी लिहून दिली. प्युन यांनी प्रयोग केला आणि भांड्यात नेहमीची भुकटी पडलीच नाही. उत्प्रेरकाच्या द्रावणावर फाटक्या पापुद्र्यांसारखे काहीतरी तरंगत होते. शिराकावांनी मागे जाऊन प्रत्येक पायरी तपासली, तेव्हा उत्प्रेरक सुमारे हजार पट जास्त पडल्याचे लक्षात आले. मिलिमोलच्या जागी मोल झाले होते. सूचना लिहिताना आपल्याकडूनच ‘मिलि’ राहिले असेल किंवा पाहुण्याने वाचताना गफलत केली असेल, असे शिराकावांनी नंतर सांगितले. दोष त्यांनी पाहुण्याच्या माथी मारला नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

हजारपट चुकीची ही कथा जगभर सांगितली जाते आणि बहुतेक वेळा ती इथेच संपवली जाते. पण या क्षणी वीज कुठेच नव्हती. हाती आला होता फक्त एक पापुद्रा. शिराकावांना त्याचा आनंद झाला तो वेगळ्याच कारणाने. भुकटीतून अवरक्त किरण नीट पार होत नाहीत, त्यामुळे रेणूची रचना तपासणे अवघड जाई. पातळ पापुद्र्यातून ते सहज जातात. म्हणून त्यांनी ती चूक शिस्तीत आणली. उत्प्रेरकाचे घट्ट द्रावण काचेच्या भिंतीवर पसरायचे, ढवळायचे नाही आणि त्यावर ॲसिटिलीन सोडायचा. पुढची काही वर्षे या कृतीवर घासूनपुसून काम झाले. उणे ७८ अंश सेल्सियसला केलेला पापुद्रा तांब्याच्या झाकीचा होई. १५० अंशांना केलेला चंदेरी. दोन्हींत कार्बनच्या साखळीची वळणे वेगळी होती. चांदीसारखा चमकणारा पापुद्रा धातूसारखी वीज वाहून नेतो का, हेही पाहून झाले. नेत नव्हता. तो अगदी सुमार अर्धवाहक होता.

याच काळात एक गोष्ट त्यांच्या हातून निसटली. पापुद्र्यावर क्लोरीन किंवा ब्रोमिनची वाफ सोडून त्याचा ग्रॅफाइटसारखा पदार्थ करता येतो का, हे ते पाहत होते. वाफ लागताच सुरुवातीला पापुद्रा अवरक्त किरणांना अचानक जवळजवळ अपारदर्शक होई. हे चमत्कारिक आहे एवढे जाणवले, पण अर्थ लागला नाही. त्या क्षणी पापुद्र्यात इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी होत होती, हे त्यांना काही वर्षांनी कळले. वाफ लागलेल्या पापुद्र्याची वाहकता मोजून पाहण्याचा विचार त्या खोलीत नव्हता.

तो विचार अमेरिकेत फिलाडेल्फियाला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन हीगर हे भौतिकशास्त्रज्ञ आणि ॲलन मॅकडायर्मिड हे रसायनशास्त्रज्ञ एकत्र काम करत होते. मॅकडायर्मिड मूळचे न्यूझीलंडच्या मास्टरटन गावचे. गंधक आणि नायट्रोजन यांच्या साखळीचा, सोन्यासारखा झळाळणारा एक पदार्थ दोघे अभ्यासत होते. त्यात एकही धातू नाही, तरी तो धातूसारखी वीज वाहून नेतो. हीगर मोजणारे, मॅकडायर्मिड बनवणारे. एकमेकांच्या शास्त्राची भाषा शिकायला त्यांनी वेळ दिला होता आणि पुढच्या घटनेत तीच कमाई कामी आली.

१९७५ साली मॅकडायर्मिड क्योतो विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक होते. टोकियोत त्यांचे व्याख्यान झाले. त्यानंतर हिरवा चहा घेताना त्यांनी आपल्या सोनेरी पदार्थाचा नमुना दाखवला. शिराकावांनी आपला चंदेरी पापुद्रा आणून दाखवला. कार्बनी पॉलिमरला धातूची चमक कशी, या प्रश्नाने मॅकडायर्मिड यांना जागीच पकडले. कृती ऐकल्यावर त्यांनी शिराकावांना फिलाडेल्फियाला येण्याचे निमंत्रण दिले. त्यासाठी पैसा लागणार होता. अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयातले अधिकारी केनेथ विन यांनी चालू अनुदानाला २१,६५० डॉलरची पुरवणी मंजूर केली. कशासाठी, तर एका जपानी रसायनशास्त्रज्ञाच्या चकचकीत पापुद्र्यासाठी. सरकारी पैसा इतक्या अनिश्चित गोष्टीवर लावणाऱ्या माणसाचे नाव या इतिहासात राहायला हवे.

१९७६ च्या सप्टेंबरमध्ये शिराकावा फिलाडेल्फियाला पोचले. पहिला प्रयत्न पदार्थ शक्य तितका शुद्ध करण्याचा झाला. शुद्ध पदार्थ चांगली वीज वाहून नेईल, असा साधा हिशेब होता. घडले उलटे. शुद्धता वाढली तशी वाहकता घटली. म्हणजे जी थोडीफार वीज वाहत होती ती अशुद्धीमुळेच होती. सिलिकॉनच्या बाबतीत भौतिकशास्त्रज्ञांना हे पाठ होते. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉन कणभर मिसळले की त्याची वाहकता कितीतरी पट वाढते. यालाच डोपिंग म्हणतात. मग इथेही मुद्दाम अशुद्धी घालून पाहायला काय हरकत होती? क्लोरीन-ब्रोमिनच्या वाफेचा शिराकावांचा अनुभव आणि सिलिकॉनचा हीगर यांचा अनुभव आता एकाच टेबलावर आला.

२३ नोव्हेंबर १९७६, मंगळवार. शिराकावा आणि हीगर यांचे सहकारी सी. के. चियांग यांनी पापुद्र्याला चार बारीक तारा जोडल्या, तो बंद नळीत ठेवला आणि ब्रोमिनची वाफ आत सोडली. वाहकता इतक्या झपाट्याने वर गेली की मापकाची पट्टी वेळेवर बदलता येईना. काही मिनिटांत ती एक कोटी पट झाली होती. कुठलीही भट्टी नाही, दाब नाही; खोलीच्या साध्या तापमानाला एक वाफ आणि एक पापुद्रा. पुढे आयोडिन वापरून पाहिले, आर्सेनिक पेंटाफ्लोराइड वापरून पाहिले आणि आकडे आणखी चढले. मूळच्या मानाने वाहकता एक अब्ज पटींपर्यंत गेली. टेफ्लॉन आणि तांबे यांच्या वाहकतेत सुमारे एकावर चोवीस शून्ये इतक्या पटींचे अंतर आहे. एकच पदार्थ आता या अंतराचा बराच भाग नुसत्या डोपिंगच्या बळावर ओलांडत होता. १९७७ साली शिराकावा, लुई, मॅकडायर्मिड, चियांग आणि हीगर या पाच नावांनी पहिला निबंध छापला गेला.

हे का घडते, याचे उत्तर कार्बनच्या साखळीत आहे. साखळीतल्या प्रत्येक कार्बनचा एक इलेक्ट्रॉन सैल असतो आणि तो शेजाऱ्यांशी वाटून घेतला जातो. सगळे बंध एकसारखे राहिले असते तर हे इलेक्ट्रॉन धातूतल्यासारखे मोकळे फिरले असते. पण अशी एकसारखी साखळी अस्थिर असते. एक बंध आखूड, दुसरा लांब अशी ती स्वतःला मांडून घेते आणि इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकतात. एकमितीय धातूंचे हे दुखणे रुडॉल्फ पाइएर्ल्स यांनी आधीच सांगून ठेवले होते. ब्रोमिन किंवा आयोडिन येते आणि साखळीतले काही इलेक्ट्रॉन ओढून नेते. पंगतीत खेटून बसलेल्यांतला एक उठला की शेजारचा सरकून त्याची जागा घेतो, त्याची जागा पुढचा घेतो आणि रिकामी जागा पंगतभर फिरते. इलेक्ट्रॉनांचेही तसेच होते. पुढे १९७९ साली वू-पै सू, जॉन श्रिफर आणि हीगर यांनी दाखवले की साखळीत बंधांचा क्रम जिथे उलटतो ती जागा एखाद्या कणासारखी साखळीभर प्रवास करते. श्रिफर म्हणजे अतिवाहकतेच्या सिद्धांतासाठी १९७२ चे नोबेल मिळवणाऱ्या तिघांतले एक. भुकटी म्हणून दुर्लक्षिलेला पदार्थ आता सैद्धांतिक भौतिकीचा लाडका विषय झाला.

व्यवहारात मात्र पॉलिॲसिटिलीनने निराशा केली. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचे वैर. चंदेरी पापुद्रा उघड्यावर ठेवला की ठिसूळ होतो आणि वाहकता गमावतो. १९८० च्या दशकात जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत हर्बर्ट नारमान यांनी साखळ्या ताणून, सरळ रांगेत आणून तांब्याच्या तुलनेत बसेल इतकी वाहकता मिळवली. पण टिकाऊपणा मिळवता आला नाही. प्लॅस्टिकच्या तारांचे स्वप्न तिथेच राहिले.

उपयोग निघाला तो त्याच्या भावंडांतून. १९७९ साली कॅलिफोर्नियात आयबीएमच्या प्रयोगशाळेत विजेच्या साहाय्याने पॉलिपिरोलचे चिवट पापुद्रे तयार झाले. मॅकडायर्मिड पुढे पॉलिॲनिलिनकडे, म्हणजे लेथबींच्या त्याच निळ्या थराकडे वळले आणि नुसत्या आम्लाच्या स्पर्शाने ते वाहक होते, या गुणाचा त्यांनी सखोल अभ्यास केला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या बायर कंपनीत थायोफिनपासून पेडॉट नावाचा पॉलिमर तयार झाला. दुसऱ्या एका पॉलिमरच्या जोडीने तो पाण्यात पसरवता येतो, पातळ थर दिला तर पारदर्शक राहतो आणि हवेत टिकतो. त्याचे पहिले मोठे काम फोटोच्या फिल्मवर साचणारी स्थिर वीज वाहून नेण्याचे होते.

दुसरी वाट प्रकाशाची. कार्बनी स्फटिकातून वीज सोडून प्रकाश काढण्याचे प्रयोग न्यूयॉर्कमध्ये मार्टिन पोप यांनी १९६३ च्या सुमारास केले होते. अँथ्रासिन उजळत असे, पण त्यासाठी शेकडो व्होल्ट लागत. अमेरिकेतल्या रॉचेस्टरला कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ही अडचण थर पातळ करून सोडवली. केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही पातळ असे दोन कार्बनी थर त्यांनी एकावर एक चढवले. एक धन भार वाहणारा, दुसरा ऋण. दोन्ही भार मधल्या सीमेवर भेटले की हिरवा प्रकाश. १९८७ साली त्यांनी छापलेल्या निबंधात दहा व्होल्टच्या आत तेजस्वी प्रकाश मिळाल्याचे दाखवले होते. १९९० साली केंब्रिजमध्ये जेरेमी बरोज, डोनाल ब्रॅडली, रिचर्ड फ्रेंड आणि सहकाऱ्यांनी हेच एका पॉलिमरच्या थरातून करून दाखवले. १९९७ साली जपानच्या पायोनियर कंपनीने कारमधल्या स्टिरिओला असा पडदा बसवला आणि २००७ साली सोनीने अकरा इंची टीव्ही बाजारात आणला. आज महागड्या मोबाइलच्या पेटीवर ‘ओएलईडी’ असे जे छापलेले असते, ते या घराण्याचे नाव आहे.

१० ऑक्टोबर २००० रोजी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना वाहक पॉलिमरच्या शोधासाठी आणि विकासासाठी रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. त्यावर वादही झाला. वाइस आणि मॅकगिनेस यांच्या गटांनी आधीच हे पाहिले होते, ही आठवण काहींनी करून दिली. ती खरी आहे. तरी फिलाडेल्फियाच्या त्रयीचे काम वेगळ्या तोलाचे होते. त्यांनी वाहकता पाहिली, ती हवी तितकी कमी-जास्त करून दाखवली, तिचे कारण सांगितले आणि जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला ती पुन्हा मिळवता येईल अशी कृती दिली. त्यांच्या निबंधांनंतर एक नवे क्षेत्र उभे राहिले. आधीच्यांच्या निबंधांनंतर तसे झाले नाही.

म्हणून विज्ञानाच्या शिक्षकांनी आणि लेखकांनी ही गोष्ट सांगताना एक करावे. हजारपट उत्प्रेरकाच्या चुकीवर ती थांबवू नये. त्या चुकीपासून ब्रोमिनच्या वाफेपर्यंत नऊ वर्षांचे काम आहे, एक चहा आहे, एक जोखमीचे अनुदान आहे आणि दोन शास्त्रांतली मैत्री आहे. आणि तीन नोबेल विजेत्यांबरोबर प्युन, चियांग, इनोकुची आणि वाइस ही नावेही मुलांच्या कानावर घालावीत.